दुभाष्यामार्फत ऐकून घेतले

१६ जून २००९, मंगळवार
वीज गेली ११, आली २.

आज दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी यांगकीला तीस दिवसांत देश सोडायला सांगण्यात आलं. वेळ मी मनगटावरच्या घड्याळात पाहिली आणि व्हरांड्यातच पर्समधल्या किराण्याच्या चिठ्ठीमागे लिहून घेतली. पस्तीस वर्षं कचेऱ्यांत स्टेनो होते. आधी वेळ, मग रडणं, अशी सवय आहे.

ही वही मी निवृत्तीनंतर धरली ती वीज किती तास जाते हे मांडायला. वीजवाल्यांकडे तक्रार करायची होती. तक्रार केली, उत्तर आलं नाही, वही राहिली. आजचं पान मात्र उद्या कोणाला दाखवावं लागेल, म्हणून ज्याला काहीच ठाऊक नाही त्यालाही कळेल असं लिहिते.

यांगकी तिबेटी. इटियाडोह धरणाच्या बाजूला जंगलात त्यांची वस्ती आहे, तिथली. वय पस्तीस, नवरा वारलेला, एक मुलगी, यंदा सातवीत. मुलीचं तिबेटी नाव मला उच्चारता येत नाही. सुईणीने तिला खुशबू म्हटलं आणि शाळेतही तेच लागलं. दर दिवाळीला यांगकी स्वेटरचं गाठोडं घेऊन गोंदियाला येते, संक्रांतीपर्यंत स्टेशनाजवळच्या फुटपाथवर विकते, आणि माझ्या मागच्या खोलीत राहते. असे आठ हिवाळे झाले. पहिल्या वर्षी भिंतीवरच्या बुद्धाकडे बघून म्हणाली, हा तर आमचाच होय. मी म्हटलं, रांगेत ये, आम्ही छप्पनला आलो. तिने ते खरं मानलं. अजूनही उदबत्ती लावायला माझी वाट पाहते.

चौऱ्याण्णव साली नेपाळकडून पायी आली. त्यानंतर दरवर्षी तिच्या राहण्याच्या परवान्यावर शिक्का बसला. पंधरा वर्षं, पंधरा शिक्के. यंदा एक नवीन शाखा निघाली, परकीय निवास कक्ष. त्यांनी विचारलं, सीमेवर मिळालेला चौऱ्याण्णवचा कागद कुठे आहे? असा कागद तिला कोणी दिला नव्हता. परवाना रद्द. त्यावर अपील. अपील मी लिहिलं आणि मीच टाईप केलं. चार पानं, एक खाडाखोड नाही.

अपील अधिकारी तीन महिन्यांतून एकदा गोंदियात येऊन सुनावणी घेतात. आज आठ प्रकरणं होती. सात सिंधी कॉलनीतल्या पाहुण्यांची. सीमेपलीकडून आलेली माणसं, इथे काका-मामांकडे राहतात आणि परत जायला भितात. त्यांना भ्यायला कारण आहे, मी त्यांच्याबद्दल एक शब्द वाईट लिहिणार नाही. आठवी यांगकी.

बरोबर अकराला पंखा थांबला. कचेरीचा जनरेटर मागच्या अंगणात आहे. त्यावर चुन्नीलाल शिपाई आपला डबा ठेवतो. दुसरा उपयोग मी तिथून निवृत्त होण्याच्या आधीपासून कोणी पाहिलेला नाही. साहेब एका फाईलने वारा घेत होते. ती फाईल कोणाची होती ते मला दिसलं नाही, पण पातळ होती.

सवाअकराला सुरू केलं. सात जणांना पाच-पाच मिनिटं. अकरा पन्नासला यांगकी. साहेबांनी विचारलं, हिंदी समझती हो?

"साहेब, मी मराठी बोलते जी," ती म्हणाली. "गोठणगावच्या बाजारात हिंदी कोन बोलून राहिलं?"

चुन्नीलाल दारात हसला. साहेब हसले नाहीत. मग तिने जे सांगितलं ते मी चिठ्ठीवर शॉर्टहँडमध्ये घेतलं, ते असं: "पंधरा वर्षं तुमचाच शिक्का घेऊन राहिली मी. शिक्का मारनाऱ्यानं एक दिवस इचारलं असतं, कागद कोठी आहे, तर मी सांगितलं असतं, नाही म्हणून. कोणी इचारलंच नाही जी. मले वाटलं, शिक्का हाच कागद."

याहून चांगला युक्तिवाद माझ्या चार पानांत नव्हता. बारा दहाला आम्ही बाहेर आलो. मी बाकावर बसून तिला म्हटलं की झालं, जिंकलो.

एक वाजून पाच मिनिटांनी चुन्नीलालने आठ लिफाफे आणले, दोऱ्याने बांधलेले. सात मंजूर, एक नामंजूर. सिंधी कॉलनीतल्या पांढऱ्या दाढीच्या एका आजोबांनी आनंदाने यांगकीच्या डोक्यावर हात ठेवला. मग तिच्या हातातला कागद वाचला आणि हात हळूच काढून घेतला.

यांगकी एवढंच म्हणाली, "बाई, खुशबूची शाळा सव्वीसले उघडते."


१७ जून, बुधवार
वीज गेली ११, आली २.

सकाळी आदेश टेबलावर ठेवला आणि पट्टी लावून ओळ-ओळ वाचला. चष्मा आहे, तरी भिंगही घेतलं.

पंधरा शिक्क्यांचा उल्लेख नाही. एकाही शिक्क्याचा नाही. त्याऐवजी तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं आहे: "अपीलकर्तीस मराठी व हिंदी भाषा अवगत नसल्याने तिचे म्हणणे दुभाष्यामार्फत ऐकून घेतले." मी दोनदा वाचलं. त्या खोलीत साहेब, चुन्नीलाल, यांगकी आणि मी. दुभाष्या नव्हताच. आणि यांगकीला मराठी येत नसेल तर पुण्याच्या अर्ध्या लोकांना येत नाही.

हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने तिला पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. तिबेटी म्हटल्यावर भाषा येत नसणार, एवढा अंदाज बांधून लिहून टाकलं.

मग पान उलटलं आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दिसलं: र.बि. १५/१७४०.

कोणाही माणसाला हा फाईल क्रमांक वाटेल. मला नाही वाटला, कारण ही खूण माझी आहे. वडील रेल्वेत सांधेवाले होते, शेजारपाजारचे "पोरगी मेम होणार का?" म्हणून टोमणे मारत असतानाही त्यांनी मला मिशनच्या शाळेत घातलं. तिथे सिस्टर आग्नेस होत्या. सकाळी वर्गात बसून एकमेकींचा गृहपाठ उतरवणाऱ्या मुली पकडायला त्यांनी नियम केला होता: लिहून संपलं की डाव्या कोपऱ्यात आपलं नाव, तारीख आणि वेळ टाकायची. खोटी वेळ टाकली तर देव बघतो, आणि देवाला वेळ नसला तर सिस्टर. मी ती सवय टाईपरायटरवर आणली, टाईपरायटरवरून कॉम्प्युटरवर. माझ्या हाताखाली शिकलेल्या चार मुलींनी तीच उचलली. त्यातली शेवटची रविता बिसेन, ती अजून त्याच कचेरीत आहे.

म्हणजे हा आदेश रविताने पंधरा तारखेला, सोमवारी, संध्याकाळी पाच चाळीसला टाईप करून संपवला. सुनावणी सोळाला होती.




१८ जून, गुरुवार
वीज गेली १०, आली १.

आज ईश्वरदासकडे गेले. हा माझ्यासोबतच निवृत्त झालेला हेडक्लार्क. आता इथल्या पुढाऱ्यांच्या, सगळे ज्यांना नेताजी म्हणतात त्यांच्या, संपर्क कार्यालयात बसून शिफारसपत्रं लिहितो. निवृत्त माणसाला खुर्ची पाहिजे असते. त्याला मिळाली, फिरती आहे.

एक गोष्ट आधी लिहून टाकते. चार तारखेला ईश्वरदास स्वतः माझ्या घरी आला होता. म्हणाला की यांगकीसाठी नेताजींचं पत्र घेऊन देतो, फक्त तुमच्या गल्लीतल्या बायांना घेऊन रविवारच्या कार्यक्रमाला या. ऑक्टोबरमध्ये निवडणूक आहे, खुर्च्या भरलेल्या दिसल्या पाहिजेत. मी त्याला चहा दिला आणि सांगितलं की ज्याची बाजू खरी असते त्याला पत्र लागत नाही, आणि मी कोणाच्या खुर्च्या भरायला निवृत्त झालेले नाही. यांगकी तेव्हा अपिलाच्या कामाला आलेली, खोलीच्या दाराशी लोकर गुंडाळत बसली होती.

आज त्याला विचारलं, सात पत्रं तूच लिहिलीस का? त्याने लपवलं नाही. सातही त्यानेच लिहिली. सिंधी कॉलनीतली त्यांची नातेवाईक मंडळी मतदार आहेत, नेताजी मतदाराच्या पाहुण्याला नाही म्हणत नाहीत.

"आणि हिच्याविरुद्ध काय लिहिलंत?"

"बाई, नेताजी कोणाविरुद्ध लिहीतच नाहीत," तो म्हणाला. "ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्यासाठी लिहिलं. बाकी बचा सो बचा."

मग दार लोटून त्याने जरा खालच्या आवाजात समजावलं. आठच्या आठ मंजूर केले तर वरून विचारणा होते की तपासलं काय? म्हणून एखादं तरी नामंजूर लागतं. ज्याच्या फाईलला पत्र नसेल त्याचा नंबर लागतो. साहेबांच्या मनात काही वाईट नाही, त्यांना यादी पाठवली जाते, ते यादीप्रमाणे जातात.

मी विचारलं, आता पत्र मिळेल का? हे विचारताना माझा आवाज मला ओळखू आला नाही. तो म्हणाला, निघालेल्या आदेशावर नेताजी लिहीत नाहीत, साहेबांचा मान राहत नाही. फेरविचाराचा अर्ज पंधरा दिवसांत करता येतो, म्हणजे एक जुलैपर्यंत, पण त्याला नवीन पुरावा लागतो.

"तेव्हाच म्हटलं होतं ना मी, नंदागवळीबाई," तो म्हणाला. "आप तो कॉन्व्हेंट वाले ठहरे."

उठून आले. चहा अर्धा ठेवला. त्याचा चहा तसाही गोड असतो.


१९ जून, शुक्रवार
वीज गेली १०, आली १.

काही नाही. लोणच्याला चिरलेल्या कैऱ्या काळ्या पडल्या. लक्ष नव्हतं.


२१ जून, रविवार
वीज गेली नाही. रविवार.

दुपारी रविता आली. हातात घरच्या तांदळाची पिशवी. तिच्या वडिलांचं शेत नागऱ्याकडे आहे. पोवारांच्या घरची मुलगी रिकाम्या हाताने येत नाही. मी पिशवी घेतली आणि मग तिला शब्दांनी झोडपलं.

विचारलं, आदेश आधी टाईप करायला कोणी सांगितलं? म्हणाली, साहेबांच्या स्वीय सहायकाने सोमवारी चारला आठ मसुदे दिले. विचारलं, मग तू नकार का दिला नाहीस? तिने माझ्याकडे पाहिलं. तिची नोकरी कंत्राटी आहे, अकरा महिन्यांची. मुदत तीस जूनला संपते. नूतनीकरणाच्या कागदावर सही त्याच साहेबांची. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

मग तो कोपरा दाखवला. म्हटलं, अक्कल कुठे गेली? खोटं काम करायचं तर निदान माझी खूण त्यावर टाकायची नाही.

"तुम्ही गेल्यावर मी खूण टाकतच नाही, मॅडम," ती म्हणाली. "नवीन साहेबांनी बंद करायला लावलं. दोन वर्षं झाली."

"मग याच्यावर कशी आली?"

तिने टेबलावरच्या भिंगाकडे पाहिलं. मी विचारलं, बाकी सात आदेशांवर आहे का? नाही म्हणाली. म्हणजे आठवा करेपर्यंत थकली असणार, मन थाऱ्यावर नसणार आणि जुनी सवय हातात आली. दोन वर्षं आठवण नाही आणि नेमकी त्या दिवशी आठवण! मी हे तिला तोंडावर म्हटलं. तिने मान खाली घातली आणि, शपथेवर सांगते, मला वाटलं की ती हसली. आजकालच्या मुलींना रागावलेलंही कळत नाही.

"मॅडम, तुम्ही अजून भिंग लावूनच वाचता ना?" तिने विचारलं.

म्हटलं, माझ्या डोळ्यांची चौकशी नको, तुझ्या डोळ्यांची कर.

जाताना उंबऱ्यापाशी थांबून उन्हाबद्दल बोलत राहिली. कसा उकाडा, कचेरीत अकरा ते दोन बसवत नाही, यूपीएसची बॅटरीही मेलेली, त्या मंगळवारी तर एक कागद निघाला नाही प्रिंटरमधून. मी म्हटलं, उकाडा मलाही कळतो, माझ्या घरी काही वेगळा सूर्य नाही. बरं म्हणून गेली.

तांदूळ चांगला आहे.


२२ जून, सोमवार
वीज गेली ११, आली २.

यांगकी काल वस्तीवरून आली. आज सकाळी मागच्या अंगणात बसून एक स्वेटर उसवत होती. मोठा, बिनबाह्यांचा, तपकिरी, जवळजवळ पुरा झालेला. जूनमध्ये स्वेटर कोणाचा, म्हणून विचारलं.

"नेताजीचा," ती म्हणाली.

चौकातल्या फलकावर नेताजींचा हात जोडलेला फोटो आहे. तिने त्यावरून माप घेतलं होतं. म्हणाली, पोटाले चार टाके जास्तच टाकले, फोटोत माणूस बारीक दिसते. चार तारखेला ईश्वरदास येऊन गेल्यावर त्याच दिवशी विणायला घेतला. बाईचं मन बदललं तर हातात काही असावं, म्हणून.

मी विचारलं, मग मला न सांगता गेली का नाहीस? त्या दिवशी तू दाराशीच तर होतीस.

ती लोकरीचा गुंडा फिरवत राहिली. "तू म्हटली नको. मले वाटलं, तू कचेरीतली होय, तुले माहीत असल कोठून रस्ता जाते. म्हनून नाही गेली."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी उत्तर दिलं असतं. मला रागाला उत्तर देता येतं.

मी तिला विचारलंच नव्हतं. चार तारखेला मी ईश्वरदासला जे सुनावलं ते मला फार आवडलं होतं, इतकं की संध्याकाळी या वहीतही लिहून ठेवलं. मागचं पान उलटून पाहिलं. तिथे माझं वाक्य आहे, ईश्वरदासचं तोंड कसं झालं ते आहे. यांगकीचं नाव नाही. अपील तिचं, देश तिचा जायचा, आणि उत्तर मी देऊन मोकळी झाले. साहेबांनी तिला न ऐकता ठरवलं, असं मी सहा दिवस लिहिते आहे.

म्हटलं, यांगकी, आता एक अर्ज करता येईल. पत्राचा नाही, माहिती मागायचा. उत्तर आलं तर फेरविचाराला पुरावा होईल. उत्तर आलंच नाही, किंवा साहेब चिडले, तर तुझं आणखी बिघडेलही. करायचा की नाही ते तू सांग.

एक ओळ पुरी उसवून झाली.

"कर," म्हणाली. "पन त्याईले विचार, तो दुभाष्या कोन होता. मले पाहाचं आहे त्याले."

लोकर खुशबूच्या शाळेच्या स्वेटरला होईल म्हणाली. रंग शाळेचा नाही, पण थंडी ओळखत नाही रंग.


२३ जून, मंगळवार
वीज गेली ११, आली २.

अर्जाचा मसुदा केला. मुद्दा पहिला: आदेशाच्या पृष्ठ दोनवरील कोपऱ्यातील खुणेवरून तो सुनावणीच्या आदल्या दिवशी टंकित झाला. याहून पक्का पुरावा नाही. ही खूण काय सांगते हे मी शपथेवर सांगू शकते, कारण ती मी सुरू केली.

मग रविता आठवली. खूण सांगितली की र.बि. कोण हे सांगावं लागेल. तीस तारखेला तिचा कागद सहीला जातो.

एक जुनी गोष्ट लिहून ठेवते. सत्त्याऐंशी साली मीही असा आदेश टाईप केला आहे, सुनावणीच्या दोन दिवस आधी. जंगलाच्या जमिनीचं प्रकरण होतं, एकवीस माणसांचं. तेव्हा मी मसुदा देणाऱ्याला एक शब्द विचारला नाही. कोपऱ्यात नाव, तारीख आणि वेळ मात्र खरी टाकली आणि मनात म्हटलं, माझं काम मी केलं, वाचणारा वाचेल. बावीस वर्षं झाली, कोणी वाचली नाही. त्या एकवीस जणांकडे भिंग घेऊन बसणारी म्हातारी नव्हती.

पहिला मुद्दा खोडला. मग अर्जात उरलं काय? दुभाष्या. तो चांगला आहे, पण साहेब म्हणतील की टंकनाची चूक. आणखी एक हवा होता, ज्याला कोणाची साक्ष लागत नाही.

बाराच्या सुमाराला घामाने चष्मा घसरला, पंखा बंदच होता, आणि मी रागाने वही उघडली की आज किती वाजता गेली ते लिहावं. आणि सोळा तारखेच्या पानावर माझ्याच हाताने लिहिलेलं दिसलं: वीज गेली ११, आली २.

सुनावणी संपली बारा दहाला. आदेश हातात पडला एक पाचला. कॉम्प्युटरवर छापलेला. त्या इमारतीत अकरा ते दोन वीज नव्हती, आणि जनरेटरवर चुन्नीलालचा डबा होता.

खुर्चीतच बसून हसले. यांगकी आत आली, काऊन हसून राहिली म्हणाली. सांगितल्यावर तीही हसली. दोन वर्षं लोक म्हणत होते की बाई वीज मोजत बसते, वेळ जात नाही तिचा. हे मला एकटीला सुचलं, याचा मला थोडा अभिमान वाटला तर त्यात काय पाप आहे?

त्या मूर्ख मुलीला मी वाचवलं, हे तिला कधी कळणार नाही. न कळलेलं बरं.


२४ जून, बुधवार
वीज गेली १०, आली १.

अर्ज दिला. यांगकी सोबत होती. सही तिची, मराठीत, ती तिने खुशबूच्या पाटीवर शिकून घेतलेली आहे. आवक टेबलावर आज रविता बसली होती. तिने अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, तिसऱ्या मुद्द्यापाशी जरा थांबली, मग शिक्का मारला. मी पोच मागण्याआधीच तिने माझ्या प्रतीच्या डाव्या कोपऱ्यात आपली आद्याक्षरं, तारीख आणि वेळ घातली: ११.४०. मी म्हटलं, आज तरी नीट घातलीस. मान वर न करता ती म्हणाली, हो मॅडम.

नक्कल इथे उतरवते. मुदतीची वेळ पोच मिळाल्यावर दोन्ही प्रतींवर हाताने भरली.

प्रति, जन माहिती अधिकारी, परकीय निवास कक्ष.

विषय: दिनांक १६ जून २००९ रोजीच्या अपील आदेशाबाबत माहिती.

महोदय,

मी अपीलकर्ती आहे. मराठी मला येते. हा अर्ज लिहिण्याकरिता मी श्रीमती अल्का नंदागवळी, निवृत्त लघुलेखिका, यांची मदत घेतली आहे. भाषांतराकरिता कोणाची घेतलेली नाही.

एक. आदेशाच्या परिच्छेद तीनमध्ये माझे म्हणणे दुभाष्यामार्फत ऐकल्याचे नमूद आहे. त्या दुभाष्याचे नाव, पत्ता, नेमणुकीचा आदेश आणि त्या दिवशीची त्याची स्वाक्षरी यांच्या प्रती द्याव्यात. मला त्यांना भेटायचे आहे.

दोन. माझ्या परवान्यावर सन १९९४ पासून पंधरा वेळा मुदतवाढीचे शिक्के मारण्यात आले. ते मारताना ज्या कागदपत्रांवर विसंबून मारले त्यांच्या प्रती द्याव्यात.

तीन. माझी सुनावणी दुपारी १२.१० ला संपली व आदेश मला १.०५ ला देण्यात आला. त्या दिवशी इमारतीत ११ ते २ वीज नव्हती. या पंचावन्न मिनिटांत सदर आदेश कोणत्या यंत्रावर व कशाच्या आधारे छापण्यात आला ते कळवावे. जनरेटर वापरला असल्यास त्याच्या डिझेलची नोंद जोडावी. हा प्रश्न कार्यालयास उद्देशून आहे, कोणत्याही कर्मचाऱ्यास नाही.

चार. त्या दिवशीच्या आठही अपिलांबाबत १ ते १६ जून दरम्यान आलेल्या शिफारसपत्रांच्या आवक नोंदी द्याव्यात. इतर सात जणांना मिळालेल्या परवान्याबद्दल माझी तक्रार नाही. ते राहावेत. मलाही राहायचे आहे.

मला १६ जुलैपर्यंत देश सोडण्यास सांगितले आहे व फेरविचाराची मुदत १ जुलैला संपते. ही माहिती माझ्या स्वातंत्र्याशी संबंधित असल्याने कायद्याप्रमाणे ती अठ्ठेचाळीस तासांत देणे आपणांवर बंधनकारक आहे. शुक्रवारी माझ्या मुलीची शाळा उघडते. तिला पोचवून मी कार्यालयात येईन व बाकावर बसेन. निरोप नको, फोन नको, कोणामार्फत समजावणी नको.

उत्तर लेखी द्यावे, मराठीत द्यावे, आणि शुक्रवार दिनांक २६ जून २००९ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांच्या आत द्यावे.